आईला वाचता येणारा फॉन्ट

माझी आई एकाच फॉन्टमध्ये वाचते, आणि त्यातही एकच शब्द. मनुबाई. तिचं स्वतःचं नाव. बाकी सगळी मराठी तिच्या लेखी शेवयांचा गुंता.

हे असं कसं झालं ते आधी सांगतो. विट्यात मी डीटीपीचं दुकान टाकलं, त्याच सुमारास आमच्या नगरातल्या बायकांचा बचत गट सुरू झाला. गटातल्या बाकीच्या सह्या करायच्या आणि आईला अंगठा लावायची लाज वाटायची. एक दिवस ती दुकानात आली आणि म्हणाली, "कपल्या, माझं नाव छापून दे. मोठ्या अक्षरात. मी गिरवती." माझ्याकडे तेव्हा फॉन्टची एकच सीडी होती, पुण्यातल्या कुठल्याशा छोट्या कंपनीची. त्यातला 'मोहोर सतरा' मला फार आवडायचा. जाडजूड अक्षरं, खालून गोल पोटं, उकाराला शेपटी. पानभर मोठं 'मनुबाई' छापून दिलं. आईने ते महिनाभर गिरवलं. सही यायला लागली, पण ती सही म्हणजे हुबेहूब मोहोर सतरा. बाकीच्या बायका फर्रकन सही करून मोकळ्या व्हायच्या आणि आई एकेका अक्षराचं पोट रंगवत बसायची. गटाची मीटिंग तिच्या सहीपायी लांबायची.

त्या नावावरून तिची चेष्टाही भरपूर झाली. आमच्या नगरात मनूचं नाव चुकून तोंडात आलं तरी लोक चूळ भरतील, आणि आमच्याच घरात मनुबाई. विहारातली तरणी पोरं म्हणायची, "आजी, नाव बदला की." आई म्हणायची, "मी कशाला बदलू? त्याला म्हणावं तू बदल."

अशी बाई विसरायला लागली. आधी आमटीतलं मीठ, मग गॅस बंद करायचं, मग माझ्या बायकोचं, अक्षताचं नाव, आणि एके सकाळी मी. "तुमी कोन पाव्हनं?" म्हणाली. मी म्हणालो, "कपिल." "बसा," म्हणाली. सांगलीच्या डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. नाव लांबलचक आहे आणि ते पाठ केलं म्हणून काही बरं होत नाही.

तेव्हापासून मला काही वाटेनासं झालं. दाढ काढायच्या आधी इंजेक्शन देतात ना, आणि मग आपलाच गाल दुसऱ्याचा वाटतो, तसं. रडू येत नाही, राग येत नाही. अक्षता म्हणते, तुमी दगड झालाय. असेन. वाढदिवसाचे फ्लेक्स करतो, श्रद्धांजलीचे करतो, लग्नपत्रिका करतो. 'आमच्या येथे मंगल परिणय' लिहिताना आणि 'भावपूर्ण आदरांजली' लिहिताना आत सारखंच असतं.

आईचं एक मात्र शिल्लक होतं. संध्याकाळी नगरातून चालत विहारापर्यंत जायचं, पायरीवर टेकायचं, परत यायचं. जायची अडचण नव्हती, यायची होती. जुनी पत्र्याची घरं पाडून योजनेतून घरकुलं झाली आणि सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. तीच भिंत, तीच खिडकी, तेच निळं दार. शहाणा माणूससुद्धा चुकून शेजारच्याच्या घरात जेवायला बसेल. आई कुणाच्याही घरात शिरायची, नाहीतर शिरायचीच नाही, रांगेच्या टोकापर्यंत जायची आणि तशीच पुढे रस्त्याला लागायची.

मग मला सुचलं. कुणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स छापायला जाणार होता. त्याच्या कडेला पट्टी उरत होती. त्या पट्टीवर मोहोर सतरात 'मनुबाई' टाकलं आणि छापून आल्यावर कापून दारावर लावलं. बास, एवढंच. त्या संध्याकाळी आई रांगेतून येता येता थांबली, बोट हवेत फिरवलं, आणि दार ढकलून आत गेली. दुसऱ्या दिवशीही. वर्ष-सव्वा वर्ष ती पट्टी तिला रोज घरी आणत होती. मुलगा म्हणून मी जे करू शकलो नाही ते फूटभर रुंदीच्या उरलेल्या फ्लेक्सने केलं.

वैशाखात वळवाचा वारा सुटला, पट्टी फाटून कुठल्या कुठे गेली. त्याच वाऱ्यात लाइट गेली, आली, परत गेली, परत आली, आणि दुकानातला कॉम्प्युटर ठार झाला. पट्टी नव्याने छापायची तर कॉम्प्युटर नाही.

दोन संध्याकाळी मी आईच्या मागे मागे फिरलो आणि दंडाला धरून घरी आणलं. तिने आरडाओरडा केला, लोक दारात आले. तिसऱ्या संध्याकाळी मला गिऱ्हाईक होतं. आई दारावरून पुढे गेली ती थेट एसटी स्टँडवर, आणि साताऱ्याच्या गाडीत बसली. तिच्या गळ्यातल्या कार्डावर माझा नंबर होता म्हणून कंडक्टरचा फोन आला. रहिमतपूरला त्याने तिला उतरवून कंट्रोलरच्या खोलीत बसवलं होतं. मी मोटरसायकलने पोचलो तर ती चहात बिस्किट बुडवत होती. "मी मेढ्याला चाललीया," तिने मला सांगितलं, "माझं माहेर हाय तितं." मेढ्याला आता तिचं कुणीही नाही.

घरी आल्यावर अक्षताने फडताळावर एक नवं कुलूप ठेवलं. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "आवं, मी अंगणवाडीत, तुमी दुकानात. पुढच्या टायमाला कंडक्टर असा चांगला भेटंलच असं न्हाई. एकतर ते नाव लावा, न्हाईतर संध्याकाळचं कुलूप." तिचं चुकत नव्हतं. पट्टी सुचायच्या आधी एकदा कडी लावून पाहिली होती, तर आईने तळहात सुजेपर्यंत दार बडवलं होतं. ते ती दोन मिनिटांत विसरली, पण हात सुजलेलेच राहिले.

तर अशी सगळी गोष्ट एका कॉम्प्युटरवर येऊन थांबली.

उदयसिंहचं रिपेअरिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागूनच आहे. फौजेत सिग्नलला होता, पेन्शन घेऊन आला आणि आता तालुक्याचे कॉम्प्युटर उघडतो. त्याने झाकण काढलं, बॅटरी मारली, नाक जवळ नेऊन वास घेतला.

"मदरबोर्ड गेला गड्या," म्हणाला. "शहीद."

"दुरुस्त?"

"शहीद म्हनलं की. दुरुस्त काय?" त्याने एक फुगलेला भाग बोटाने दाखवला. "नवा कॉम्प्युटर घे. ह्या जातीचा बोर्ड आता मिळत न्हाई."

मी म्हणालो, मला हाच पाहिजे. माझी जुनी सीडी नव्या मशीनवर चालेल की नाही ह्याचा भरवसा नव्हता. उदयसिंहने साताऱ्याच्या एका मित्राला फोन केला. त्याच्याकडे कुठल्यातरी बंद पडलेल्या शाळेच्या कॉम्प्युटरचे बोर्ड पडून होते, त्यातला एक जुळला. एसटीच्या पार्सलने आला. उदयसिंहने तो बसवला, पंखा घातला, वायरी जोडल्या. बटण दाबलं. विंडोजचं चिन्ह आलं, आणि लगेच निळा पडदा. परत बटण, परत निळा.

"हितं जुनी विंडोज नव्या बोर्डाजवळ नांदंना," उदयसिंह म्हणाला. "काडीमोड करायला लागंल. सी ड्राइव्ह उडवू?"

"उडव."

"काय हाय का सी मदी?"

"फॉन्टचं सॉफ्टवेअर हाय. सीडी हाय त्याची. माझं काम सगळं डी वर हाय."

"मग उडवतो. नंतर बोंबलू नको."

त्याने पेनड्राइव्ह लावला. मी आईला दुकानात आणून खुर्चीवर बसवलं होतं, कारण अक्षता अंगणवाडीत आणि घरी कुणी नाही. स्क्रीनवर ठिपके गोल गोल फिरायला लागले. खाली टक्के. आई त्या ठिपक्यांकडे बघत बसली.

"हे काय हाय?"

"थांब म्हनतंय."

"किती वेळ?"

"ते सांगत न्हाई."

तिने मान हलवली. पटलं तिला. थोड्या वेळाने परत विचारलं, "हे काय हाय?" मी परत सांगितलं, थांब म्हनतंय. उदयसिंह माझ्याकडे बघत होता. त्याला वाटलं असेल की हा किती शांतपणे सांगतोय. शांतपणा नव्हता तो. तिने शंभर वेळा विचारलं असतं तरी मला काही झालं नसतं, आणि तेच तर दुखणं होतं.

टक्के वाढले, कॉम्प्युटर आपला आपण बंद झाला, आपला आपण चालू झाला. मग सगळा पडदा रंगीत झाला आणि मधोमध इंग्रजीत एकच शब्द आला. उदयसिंहने मोठ्याने वाचला, "हाय."

"काय हाय?" आईने विचारलं.

"नुसतंच हाय, मावशी," उदयसिंह म्हणाला. "पुढं काय न्हाई."

तो हसला, मग मीही हसलो, म्हणजे तोंड हसलं. आईने पदराने तोंड पुसलं आणि म्हणाली, "हाय ते लय झालं."

मग पुढची भरती चालू झाली. देश कोणता, कीबोर्ड कोणता, नाव काय. उदयसिंहने 'कपिल' टाकलं. तारीख पाहिली तर बोर्ड कुठल्या तरी मागच्या सालात अडकला होता. शाळा बंद पडली तेव्हापासून त्याचं घड्याळ पुढे सरकलंच नव्हतं. उदयसिंहने तारीख आजची केली. आवाजाचा ड्रायव्हर, नेटचा ड्रायव्हर, प्रिंटरचा ड्रायव्हर असं एकेक करत तो कॉम्प्युटरला पुन्हा शहाणा करत होता. आपल्याला हात आहेत, कान आहेत, तोंड आहे, हे सगळं नव्याने सांगावं लागतं. एकदा सांगितलं की मात्र विसरत नाही.

शेवटी मी फॉन्टची सीडी घातली. सॉफ्टवेअर भरलं गेलं. उघडायला गेलो तर चौकट आली, की हा परवाना ह्या कॉम्प्युटरचा नाही, कंपनीशी संपर्क साधा. सीडीच्या कव्हरवर लिहिलेला जुना कोड टाकला. नाही. परत टाकला. नाही. कंपनीचा फोन लावला, तर तो नंबरच अस्तित्वात नाही असं एक बाई मला तीन भाषांत सांगत राहिली. उदयसिंहने इकडेतिकडे विचारून आणलं, ते असं: त्या सॉफ्टवेअरला कॉम्प्युटर ओळखायची एकच खूण माहीत होती, मदरबोर्डावरचा नेटचा नंबर. बोर्ड बदलला म्हणजे त्याच्या लेखी कॉम्प्युटर बदलला. डी वर माझी जुनी फाइल होती, पण ती उघडली तर मराठीच्या जागी इंग्रजी एबीसीडी, मधेच डॉलर, मधेच कंस. त्या कचऱ्यात कुठेतरी मनुबाई होती.

"दुसऱ्या फॉन्टात कर की गड्या," उदयसिंह म्हणाला. "नाव तेच. बाजारात फॉन्टला काय तोटा हाय?"

त्याला मी सांगितलं नव्हतं. मग सांगितलं. त्याने खिशातली तंबाखू काढून तशीच परत ठेवली.

तरी करून पाहिलं. विंडोजच्या आपल्या फॉन्टात नाव छापून दारावर लावलं. आई पुढून गेली, मानसुद्धा वळवली नाही. मोबाइलमध्ये जुन्या पट्टीचा एक फोटो सापडला, पण त्यात आईच दारात उभी होती आणि 'बा' तिच्या डोक्यामागे झाकला होता. मी तो 'बा' हाताने काढून मधे बसवला. आई थांबली. बोट हवेत आलं, म वरून फिरलं, नु वरून फिरलं, माझ्या 'बा'शी अडखळलं, आणि ती चालायला लागली. वीस वर्षं अक्षरांचा धंदा करतोय आणि आईच्या नावातला एक 'बा' मला काढता आला नाही. बचत गटाच्या जुन्या रजिस्टरातली तिची सही आणून मोठी केली, तर नुसते शाईचे फराटे मोठे झाले.

त्या संध्याकाळी अक्षताने कुलूप लावलं. मी बाहेर ओट्यावर बसलो. आतून आई दार बडवत होती. "आवं, कोन हाय का? मला घरी जायचंय. लेकरं वाट बघत्यात माझी." मी दाराला पाठ लावून बसलो होतो, पलीकडे ती. लेकरू म्हणजे मी एकटाच. मी वाट बघत होतो हेही खरं. पण मला काही वाटत नव्हतं. समोरच्या घरातली टीव्हीवरची मालिका मला स्पष्ट ऐकू येत होती आणि त्यात पुढे काय होणार ह्याचा मी विचार करत होतो. हे लिहिताना लाज वाटायला हवी, तीही नीट वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी उदयसिंह सकाळीच आला. पलटणीतल्या कुणा जुन्या सोबत्याशी फोनवर बोलून आला होता. म्हणाला, "जुना बोर्ड कुठाय?"

भंगारात टाकायच्या पोत्यात होता. काढला. त्याच्या कडेला पांढरं स्टिकर, त्यावर बारीक अक्षरात नंबर. उदयसिंहने भिंग लावून मला वाचून दाखवला आणि मी नव्या विंडोजच्या सेटिंगमध्ये तो टाइप केला.

"आता ह्यो नवा बोर्ड इचारनाऱ्याला जुन्याचं नाव सांगनार," तो म्हणाला. "मेलेल्याच्या नावानं रेशन उचलत्यात का न्हाई लोकं, तसंच."

कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सॉफ्टवेअर उघडलं. जुना कोड टाकला. घड्याळ फिरलं, आणि चौकट आली, धन्यवाद. फॉन्टची यादी भरून आली. जुनी फाइल उघडली तर डॉलर आणि कंस जाऊन तिथे मनुबाई उभी होती, पोटंबिटं सगळं जागच्या जागी. उदयसिंहने माझ्या पाठीवर गुद्दा हाणला. "जिती झाली की रं!" मला आनंद व्हायला हवा होता. मी त्याच्यासाठी वडे मागवले.

ह्या वेळी मात्र मी उरलेल्या पट्टीवर भागवायचं नाही असं ठरवलं. वारा आला, पाऊस आला, तरी टिकेल असा जाड फ्लेक्स, चांगला दारावरच्या भिंतीभर. आणि नुसतं नावच कशाला? उद्या नावही विसरली तर? तोंड तरी ओळखेल. आरशात बघून अजून केस विंचरते. म्हणून तिचा फोटो घेतला, जयंतीला काढलेला, पांढऱ्या साडीतला. मागची गर्दी कापून काढली. चेहरा उजळ केला, सुरकुत्या तशाच ठेवल्या. मागे फिकट निळसर उजेड टाकला, तो कडेला पांढरा होत गेलेला. फोटो वर मधोमध, खाली नाव, बारीक सोनेरी चौकट. हात आपसूक चालत होते, डोकं लावायची गरजच पडली नाही. अर्ध्या तासाच्या आत फाइल तयार.

छापायला सांगलीला गेलो. तिथला मशीनवाला दादासो एरवी तोंड मिटत नाही, कुणाचा वाढदिवस, कोण कुठल्या पक्षात गेला, सगळं मला ऐकवतो. त्या दिवशी त्याने मशीनमधून फ्लेक्स सरकताना पाहिला आणि गप्पच झाला. स्वतः जाऊन चहा आणला. रीळ गुंडाळून दिली तेव्हा दोन्ही हातांनी दिली. "सावकाश जा, कपिलदा," म्हणाला. मी म्हणालो, बरं.

दुपारी विट्यात परत आलो आणि शिडी लावून फ्लेक्स चढवला. नगर सामसूम होतं. बाया कामावर, म्हातारी माणसं झोपलेली. चारी कोपरे दोरीने आवळले, एक सुरकुती राहिली होती ती ताणली. खाली उतरून पाहिलं. सुरेख झाला होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा मला थोडं बरं वाटलं, चांगलं काम झाल्यावर वाटतं तेवढं.

संध्याकाळी आई विहाराकडे निघाली. मी अंतर ठेवून मागे. ती पायरीवर टेकली, हवा खाल्ली, उठली. परत रांगेतून चालत आली, एकेका निळ्या दारासमोरून, कुठेच न थांबता. आमच्या दाराशी आली आणि थांबली.

बोट हवेत आलं. म. नु. बा. ई. सगळी पोटं, शेपटी, एकही न चुकवता.

"मनुबाई," ती म्हणाली. स्पष्ट, मोठ्याने.

मग तिने फोटोकडे पाहिलं. बराच वेळ. डोक्यावर पदर ओढला. चपला काढल्या आणि दाराच्या एका कडेला लावून ठेवल्या, आपण दुसऱ्याच्या घरी ठेवतो तशा. आणि हात जोडले.

मला अजून कळलं नव्हतं. मी पुढे झालो, म्हटलं, आता आत जाईल.

ती माझ्याकडे वळली. "कवा गेली?"

मी फ्लेक्सकडे पाहिलं. तेव्हा तो मला दिसला. वर फोटो, खाली नाव, मागे फिकट उजेड. विट्याच्या प्रत्येक चौकात मी लावलेला, नावं आणि तोंडं तेवढी बदलून. फक्त तारीख आणि शोकाकुलांची नावं त्यात नव्हती.

"सांग की लेकरा. कवा गेली?"

"हळूहळू गेली," मी म्हणालो.

"अंथरुणाला खिळली व्हती का?"

"न्हाई. हिंडत-फिरत व्हती."

"मग नशिबाची," ती म्हणाली. "हाल न्हाई झालं." थोडं थांबून तिने विचारलं, "तुझी कोन?"

"आई."

तिने माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कित्येक महिन्यांत तिने माझ्याकडे असं पाहिलं नव्हतं. मग तिचा तळहात माझ्या पाठीवर आला आणि खालीवर फिरायला लागला.

"रडला न्हाईस," ती म्हणाली.

"येत न्हाई."

"यील. नगं घाई करू." हात फिरतच होता. "कोन हाय का घरात? का एकलाच बसलायस? चल, आत चल. असं दारात उभं ऱ्हाऊ ने, मानसं येत्याल भेटायला." तिने माझा दंड धरला, दार ढकललं आणि मला आमच्या घरात नेलं. खाली बसवलं. स्वतः भिंतीला टेकून शेजारी बसली. आजूबाजूला पाहिलं आणि म्हणाली, "घर मातर नीट ठेवलंय तिनं."

अक्षता अंगणवाडीतून आली ती दारातच थबकली. तिने फ्लेक्स पाहिला होता. तिच्या हातातली पिशवी खाली घसरली, आणि ती धावत आत आली आणि आईला बसलेली पाहून जागीच उभी राहिली. माझ्याकडे पाहिलं.

आईने तिला हाताने खुणावलं, हळू, आवाज करू नको. बाजूला सरकून जागा केली.

"ये बाई, बस," ती म्हणाली. "ह्येची आई गेलीया."

मला रडू आलं नाही. पण दुखलं. सगळीकडून एकदमच दुखलं. अक्षता मला विचारत असल्यासारखी बघत होती, आणि मी मान हलवली, व्हय.